जात, धर्म, बोली वेगळी असेल तेव्हा: समुपदेशकांचं प्रशिक्षण कसं आखावं

समुपदेशनाच्या बहुतेक प्रशिक्षणांत 'सांस्कृतिक विविधता' हा विषय शेवटच्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात टाकलेला असतो. पाहुणे वक्ते पीपीटी लावतात: आदिवासी समाजात असं असतं, मुस्लिम कुटुंबात तसं असतं, ग्रामीण भागात लोक आधी भगताकडे जातात. मग चहा, प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो. पुढच्या आठवड्यात हेच समुपदेशक धडगावच्या पावरा बाईसमोर किंवा मुंब्र्याहून आलेल्या कॉलेजच्या मुलासमोर बसतात, तेव्हा ती पीपीटी कामाला येत नाही. उलट आडवी येते. 'यांच्यात असंच असतं' हे डोक्यात पक्कं झालेलं असलं की समोरचा माणूस काय सांगतोय ते अर्धंच ऐकलं जातं.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात समुपदेशन केंद्र, हेल्पलाइन, कॉलेजचा समुपदेशन कक्ष किंवा महिला साहाय्य कक्ष चालवणाऱ्यांना आपल्या टीमचं प्रशिक्षण स्वतः आखता यावं म्हणून हे लिहितो आहे. समाजासमाजांची माहिती हा या प्रशिक्षणाचा सगळ्यात छोटा भाग असावा, असं माझं ठाम मत आहे. मोठे भाग दोन: समुपदेशकाने स्वतःची जात, वर्ग, धर्म ओळखणं, आणि सेशनमध्ये न कळलेलं विचारण्याची सवय हाडात मुरवणं.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत डेराल्ड विंग सू, पॅट्रिशिया अरेडोंडो आणि रॉडरिक मॅकडेव्हिस यांनी १९९२मध्ये बहुसांस्कृतिक समुपदेशनाच्या क्षमतांची मांडणी केली. स्वतःविषयीची जाणीव, समोरच्याच्या जगाची माहिती आणि त्यानुसार वापरायची कौशल्यं असे तिचे तीन भाग. १९९८मध्ये मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरी-गार्सिया या दोन डॉक्टरांनी तिच्याही पुढची गोष्ट सांगितली: दुसऱ्याच्या संस्कृतीत कोणी 'पारंगत' होत नसतो, आयुष्यभर शिकत राहण्याची नम्रता लागते. दोन्ही मांडण्या उपयोगी आहेत, पण त्या वंशभेदाच्या अनुभवातून आल्या आहेत. आपल्याकडे जात आहे, आणि जात समोरच्याच्या चेहऱ्यावर लिहिलेली नसते. ती आडनावातून, गावातून, वस्तीच्या नावातून हुडकली जाते. हे हुडकणं समुपदेशकाच्या खोलीतही चालू असतं, दोन्ही बाजूंनी.

शिवाय हा फक्त चांगुलपणाचा प्रश्न नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८पासून लागू आहे. त्याच्या कलम १८नुसार धर्म, जात, संस्कृती, वर्ग, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व यांपैकी कशाच्याही आधारे भेदभाव न होता मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे. कलम ३ म्हणतं की एखाद्याची सामाजिक स्थिती, त्याचा समाज, किंवा त्याचं रूढ नैतिक कल्पनांत न बसणं यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पहिल्याच सत्रात ही दोन कलमं मराठीत वाचून घ्या. वीस मिनिटं पुरतात.

पायरी १: माणसं आणि वेळ

गट बारा ते सोळा जणांचा ठेवा. त्याहून मोठ्या गटात जातीवर कोणी खरं बोलत नाही. सलग पाच दिवसांपेक्षा दोन दिवस, मग तीन-चार आठवड्यांचं काम, मग पुन्हा दोन दिवस, आणि त्यानंतर सहा महिने दरमहा एक सुपरव्हिजन (झालेल्या सेशनचा एकत्र बसून आढावा), अशी विभागणी जास्त चालते.

प्रशिक्षक किमान दोन असावेत आणि दोघं एकाच सामाजिक थरातले नसावेत. वस्तीतली कार्यकर्ती, आदिवासी आश्रमशाळेतला शिक्षक, तृतीयपंथी समुदायात काम करणारी व्यक्ती यांना 'अनुभवकथन' करायला बोलावून शाल-श्रीफळ देऊन परत पाठवू नका. त्यांना आखणीत घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञाला देता तेवढंच मानधन द्या.

गटात दलित, मुस्लिम, भटक्या-विमुक्त समाजातले सहभागी असतील तर पहिल्याच तासाला एक नियम सांगून टाका: 'तुमच्यात कसं असतं, सांगा ना' असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. ते शिकायला आले आहेत, फुकट शिकवायला नाही.

पायरी २: आधी स्वतःची झडती

या पायरीला पूर्ण एक दिवस द्या. आयोजक हाच दिवस कापायला बघतात. कापू देऊ नका.

सुरुवात कागदावर करा. प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, कोणाला दाखवायची सक्ती नाही. प्रश्न अगदी साधे ठेवा. लहानपणी तुमच्या आळीत कोण राहत होतं आणि कोण राहत नव्हतं? कोणाच्या घरी जेवायला जात होतात? तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत कोण येत होतं आणि दारातून कोण परत जात होतं? आपली जात आपल्याला पहिल्यांदा केव्हा कळली, आणि कोणामुळे? भाड्याचं घर शोधताना तुम्हाला काय काय विचारलं गेलं?

दर वेळी काही जण लिहितात, 'आमच्या घरी जातपात पाळत नाहीत.' यावर वाद घालू नका. पुढचा प्रश्न विचारा: घरी कामाला येणाऱ्या ताईंचा चहाचा कप कुठे ठेवलेला असतो? ओट्यावर सगळ्या कपांबरोबर, की खिडकीत वेगळा? खोलीत शांतता पसरते. मग कोणीतरी म्हणतं, 'आईच्या घरी वेगळा आहे.' तिथून खरा दिवस सुरू होतो.

जात केव्हा कळली या प्रश्नाची उत्तरं बहुधा दोन गटांत पडतात. काहींना ती दुसरी-तिसरीत, शाळेत, कोणाच्या तरी तोंडून कळलेली असते, आणि तो प्रसंग त्यांना बाकासकट आठवतो. काहींना ती अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी, आरक्षणाची यादी बघताना कळलेली असते. हा फरक फळ्यावर मांडा आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. लगेच समजावू नका, सांत्वनही करू नका.

दुपारच्या सत्रात अभिवादनाचा सराव घ्या. एकाने क्लायंट होऊन आत यायचं आणि म्हणायचं, 'जय भीम, मॅडम.' समुपदेशक काय करतो ते बाकीच्यांनी बघायचं. बरेच जण 'हं, बसा' म्हणतात. काही 'नमस्कार' म्हणतात. कोणी म्हणतं, 'मी त्या समाजाची नाही, मी जय भीम म्हटलं तर खोटं नाही का वाटणार?' ही अडखळ चर्चेला घ्या, कारण क्लायंटला ती दिसलेली असते. सरळ 'जय भीम, या, बसा' म्हणण्यात काहीच खोटं नाही. 'अस्सलाम वालेकुम'ला 'वालेकुम अस्सलाम', गोंड समाजातल्या माणसाच्या 'जय सेवा'ला 'जय सेवा', 'जोहार'ला 'जोहार'. चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून घेतलं की जीभ वळते.

'तू' आणि 'तुम्ही' यांचंही तसंच. सरकारी दवाखान्यात साठीच्या आदिवासी आजोबांना पंचविशीचा कर्मचारी सहज 'तू' म्हणतो, आणि तोच माणूस प्राध्यापकांना 'सर, आपण' म्हणतो. प्रौढ क्लायंटला, तो कोणीही असो, 'तुम्ही'नेच सुरुवात. तो आपल्या बोलीच्या सवयीने तुम्हाला 'तू' म्हणाला तर तो अपमान समजायचा नाही. कित्येक बोलींत ती साधी आपुलकी असते.

पायरी ३: माहिती किती आणि कोणती

रीतिरिवाजांचे तक्ते नकोत. लग्नात हळद कशी लावतात हे समुपदेशकाला माहीत नसलं तरी अडत नाही. इतिहास आणि कायदा माहीत नसला तर मात्र अडतं. माझी किमान यादी अशी:

- १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, १९५२मध्ये त्याचं रद्द होणं, आणि त्यानंतरही सराईत गुन्हेगारांच्या कायद्याच्या रूपाने मागे राहिलेली पोलिसी नजर. पारधी, कैकाडी, कंजारभाट यांच्याशी बोलताना हे ठाऊक नसेल तर अर्ध्या गोष्टी 'संशयी स्वभाव' वाटतील.
- १४ ऑक्टोबर १९५६चं नागपूरचं धर्मांतर. बौद्ध क्लायंटला 'देवावर भार टाका' किंवा 'रोज स्तोत्र म्हणा' असं सुचवणं सल्ला म्हणून तर चुकतंच, त्याच्या घरातल्या दोन-तीन पिढ्यांनी विचारपूर्वक सोडलेली गोष्ट त्याच्या हातात पुन्हा कोंबणंही होतं.
- जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्रात २०१७पासून लागू झालेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा. 'समाजाने वाळीत टाकलंय' हे वाक्य उदासीचं लक्षण म्हणून टिपून पुढे जायचं नसतं.
- विवाह आणि घटस्फोटाचे वेगवेगळे कायदे. गोव्यात काम करत असाल तर पोर्तुगीज काळापासूनची समान नागरी संहिता, तिथली नोंदणी आणि पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेचे नियम निदान ढोबळ माहीत हवेत.
- समलैंगिकता आजार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. 'बदलून देतो' असं सांगणाऱ्या उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आईवडील मुलाला 'सुधारायला' घेऊन येतात तेव्हा हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

याखेरीज स्थानिक गरजेप्रमाणे भर घाला. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली भागात काम करणाऱ्यांना सिकलसेलची माहिती हवीच, नाहीतर मुलाच्या अंगदुखीला 'शाळा टाळायचं निमित्त' म्हटलं जाईल.

पायरी ४: प्रश्न विचारायला शिकवणं

हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकात काही प्रश्न मांडले. आजारी माणसाचं स्वतःच्या आजाराविषयी काय म्हणणं आहे, ते काढून घेणारे. पुढे २०१३मध्ये डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेत याच धर्तीची सोळा प्रश्नांची मुलाखत आली. छापील भाषांतर देऊन उपयोग होत नाही, ते तोंडात बसत नाही. गटाकडून प्रश्न बोलीत बसवून घ्या. उदाहरणार्थ:

'हे जे होतंय, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?'
'तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशामुळे झालं असेल? आणि घरच्यांना काय वाटतं?'
'त्याच सुमाराला का सुरू झालं असेल? तेव्हा घरात काय चाललं होतं?'
'आत्तापर्यंत कोणाकोणाला दाखवलं? कशाने थोडं तरी बरं वाटलं?'
'या सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते?'
'माझ्याकडून काय व्हावं असं वाटतं?'

'घरच्यांना काय वाटतं' हा दुसऱ्या प्रश्नाचा शेपटाचा भाग गाळू देऊ नका. पुष्कळदा क्लायंटचं उत्तर 'टेन्शन' असतं, सासूचं 'करणी' आणि नवऱ्याचं 'कामचुकारपणा'. उपचार पुढे चालणार की नाही हे या तीन उत्तरांच्या ओढाताणीवर ठरतं.

लोक उदासी 'उदास वाटतं' अशा शब्दांत क्वचित सांगतात. जीव घाबराघुबरा होतो, डोक्यात मुंग्या येतात, हातपाय गळतात, काळीज धडधडतं, घास उतरत नाही. पुरुष धातू (वीर्य) जाण्याची तक्रार घेऊन येतात, डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६०मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. बायका अंगावरून पांढरं जाण्याचं सांगतात. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी जास्त घट्ट दिसला होता. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासणी, आणि त्याच वेळी मनाचीही विचारपूस. 'हे सगळं मानसिक आहे' हे वाक्य मात्र प्रशिक्षणातून हद्दपार करा. ऐकणाऱ्याला त्यातून 'तू नाटक करतेस' एवढंच कळतं.

प्रश्नावल्या वापरत असाल तर त्याही मोठ्याने विचारून बघा. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत 'गेल्या दोन आठवड्यांत' असं येतं. ज्यांचं जगणं कॅलेंडरवर चालत नाही त्यांना 'मागच्या दोन बाजारांपासून' असं विचारलं तर चटकन उमगतं, कारण आठवडी बाजार सगळ्यांच्या लक्षात असतो. नववा प्रश्न, मरणाच्या विचारांचा, कुजबुजत किंवा घाईत विचारायचा नाही. आत्महत्येचा धोका दिसला तर संस्कृतीचा विचार बाजूला ठेवून सुरक्षिततेची पावलं आधी, हेही इथेच स्पष्ट सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीसह अनेक भाषांत चालतो. तो प्रत्येकाला पाठ हवा.

पायरी ५: मनातला आवाज ऐकवणारा रोल प्ले

साध्या रोल प्लेमध्ये क्लायंट झालेला सहकारी फार समजूतदार वागतो. पॉल पेडरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात यावर तोडगा काढला. समुपदेशक आणि क्लायंट यांच्या जोडीला तिसरा माणूस बसवायचा. क्लायंट मनात काय म्हणतोय ते त्याने मोठ्याने बोलायचं. समुपदेशकाला ते ऐकू येतं, पण त्याने उत्तर द्यायचं ते क्लायंटला. आपल्याकडे हा प्रकार फार चांगला चालतो, कारण आपल्याकडचा क्लायंट तोंडावर 'हो मॅडम, बरोबर आहे मॅडम' म्हणतो आणि पुन्हा येत नाही.

सरावासाठी रचलेली एक केस घ्या. पारधी समाजातला तेवीस वर्षांचा मुलगा, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. झोप लागत नाही. रात्री रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली की उठून बसतो.

समुपदेशक: पोलिसांची भीती का वाटते? तुम्ही काही केलेलं नाही ना?
क्लायंट: नाही मॅडम.
मनातला आवाज: झालं. हिलाही वाटतंच, काहीतरी केलं असणार.
समुपदेशक: मग जे घडलेलंच नाही त्याची काळजी करण्यात अर्थ आहे का? आपण हा विचार तपासून बघू या. पोलीस तुम्हाला पकडतील याला पुरावा काय?
क्लायंट: तसा काही नाही.
मनातला आवाज: गावात चोरी झाली की बापाला उचलायचे. हिला कुठून सांगू? सांगितलं तर रूममालकाला कळेल.

इथे थांबवा. समुपदेशकाने पुस्तकात शिकवलेलंच केलं: विचार पकडला, पुरावा मागितला. पण हा विचार विकृत नाहीच. तो घरच्या अनुभवावर उभा आहे. पुरावा मागितल्यावर मुलाला पोलीस चौकीच समोर दिसली. आता तोच प्रसंग पुन्हा करायला लावा. कोणीतरी साधारण असं म्हणेल: 'गाडीचा आवाज आला की उठून बसता. असं घरी, गावाकडे कधी घडलंय का, की ज्यामुळे हा आवाज लक्षात राहिला? सांगायचं असेल तेवढंच सांगा. इथलं बोलणं खोलीबाहेर जात नाही.' मनातल्या आवाजाला या वेळी काय म्हणावंसं वाटतं ते विचारा. बहुधा तो थोडा वेळ गप्प बसतो, आणि गटाला फरक कळतो.

पुढची चर्चा तंत्राची. भीतीला खरा आधार असेल तेव्हा विचार बदलण्याचा हट्ट सोडायचा. ती भीती रास्त आहे हे आधी मान्य करायचं, मग धोका नक्की किती आणि कुठे आहे ते दोघांनी मिळून बघायचं: ओळखपत्र कुठे ठेवायचं, अडवलं तर फोन कोणाला करायचा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कसा मिळतो. झोपेचं काम त्यानंतर. आणि तेही करायचंच. मुलगा परीक्षेला बसणार आहे, त्याला नुसती सहानुभूती पुरत नाही.

अशा सहा-सात केस स्थानिक अनुभवातून रचून ठेवा: सोसायटीत घर नाकारलेलं मुस्लिम जोडपं, मुलगी बघायला येणाऱ्यांपुढे आजार लपवणारं सुस्थितीतलं कुटुंब, वसतिगृहात 'कोट्यातली' म्हणून चिडवली जाणारी मेडिकलची विद्यार्थिनी, गुरू सोडून आलेली तृतीयपंथी व्यक्ती. शेवटच्या केसमध्ये गुरू-चेल्याचं नातं हे 'शोषण' एवढ्याच चौकटीत बसवायची घाई होते. तिला हाकलून देणाऱ्या जगात तेच तिचं घर होतं, हेही तिच्याच तोंडून येऊ द्या.

उच्चजातीय, सुशिक्षित क्लायंटची एक केस मुद्दाम ठेवा. 'संस्कृती' म्हणजे फक्त गरिबांची, आदिवासींची, असा गैरसमज त्याने मोडतो. पंचाण्णव टक्के मिळूनही घरात तोंड लपवणारा मुलगा हाही विशिष्ट संस्कृतीतच घडलेला असतो.

पायरी ६: अंगात येणं, बाहेरचं, भगत

यावर दोन टोकांचे समुपदेशक भेटतात. एकाला सगळी अंधश्रद्धा दिसते, दुसऱ्याला सगळं 'त्यांची संस्कृती'. दोघंही क्लायंटला एकटं पाडतात.

आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अंगात येण्याशी संबंधित विकाराचं निदान आहे, पण अट अशी की ती अवस्था व्यक्तीला नकोशी, तिच्या ताब्याबाहेरची असावी आणि समाजाच्या मान्य धार्मिक रीतीचा भाग नसावी. नवरात्रात देवीसमोर घुमणारी आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जाणारी बाई आजारी नाही. तीच घरात, अवेळी, आठवड्यातून तीनदा घुमू लागली आणि नंतर रडत बसली, तर तिच्या आयुष्यात काय चाललंय ते विचारायचं.

भगत, कोरकूंचा भुमका, दर्गा, चर्चमधली प्रार्थना: नैवेद्य, ताईत, दुआ औषधांबरोबर चालू राहिली तरी बिघडत नाही. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात तर मानसोपचार आणि प्रार्थना शेजारी शेजारी ठेवून 'दवा-दुआ' असं काम झालं आहे. सीमारेषा कुठे ओढायची ते मात्र लिहूनच द्या: मारहाण, चटके, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं, साखळीने बांधणं, डॉक्टरांचं औषध बंद करायला लावणं. भूत उतरवण्याच्या नावाखालचा छळ महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मनोरुग्णाला साखळीने बांधायला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५नेच मनाई आहे. इथे 'संस्कृतीचा आदर' म्हणून गप्प बसायचं नाही.

पायरी ७: दुभाष्याबरोबर काम

कोरकू मुंडा कुळातली, गोंडी आणि कोलामी द्राविडी. मराठी समुपदेशकाला त्यातलं अक्षरही कळत नाही, त्यामुळे दुभाषा लागतो हे तो मान्य करतो. खरी फसगत भिली, पावरी, अहिराणी अशा बोलींत होते. त्या मराठीच्या जवळच्या असल्याने कळल्यासारखं वाटतं आणि नेमकं हवं ते निसटतं. म्हणून नियम असा: क्लायंट ज्या भाषेत रडते त्या भाषेचा माणूस खोलीत हवा.

घरातलं माणूस दुभाषा नको, लहान मूल तर अजिबात नको. आशाताई सोयीच्या वाटतात, पण त्या त्याच गावच्या असतात. शक्यतो शेजारच्या गावच्या बोलवा आणि क्लायंटला आधी विचारा. सेशनआधी दुभाष्याशी दहा मिनिटं बसा: म्हटलं तेवढंच सांगायचं, मध्येच समजूत घालायची नाही, शब्द नसेल तर 'शब्द नाही' असं सांगायचं. बसताना त्रिकोण करा आणि बघायचं क्लायंटकडे. सेशननंतर पुन्हा पाच मिनिटं दुभाष्यासाठी ठेवा, त्याच्याही मनावर ओझं आलेलं असतं.

पायरी ८: खोलीत कोण बसणार

पुस्तकातला क्लायंट एकटा येतो. आपल्याकडचा आई, मामा आणि शेजारच्या काकूंबरोबर येतो. सगळ्यांना बाहेर काढलं की कुटुंब बिथरतं, सगळ्यांना आत ठेवलं की क्लायंट गप्प. पहिली दहा मिनिटं सगळ्यांबरोबर, मग 'आता मी यांच्याशी थोडं एकट्याने बोलते, आमच्याकडे सगळ्यांसाठी हीच पद्धत आहे', आणि शेवटी क्लायंटला विचारूनच घरच्यांना काय सांगायचं ते ठरवायचं. गुप्ततेच्या मर्यादाही सुरुवातीलाच सांगायच्या: जिवाला धोका, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावरचा लैंगिक अत्याचार. पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे त्याची खबर द्यावीच लागते.

फोनवरच्या समुपदेशनात 'आत्ता बोलता येईल का?' हा पहिला प्रश्न. 'हो' किंवा 'नाही'ने उत्तर देता येईल असेच पुढचे प्रश्न ठेवायला शिकवा, कारण पलीकडे फोन स्पीकरवर असू शकतो.

पायरी ९: केंद्राची खोली

थोडक्यात. भिंतीवर देवाचे फोटो नकोत. फॉर्मवर पहिला प्रश्न 'पूर्ण नाव' नसावा, 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' असावा. जात-धर्माचा रकाना निधी देणाऱ्यांसाठी लागत असेल तर तसं सांगून शेवटी विचारा आणि 'सांगायचं नाही' हा पर्याय ठेवा. संध्याकाळची वेळ ठेवा, नाहीतर रोजंदारीवरची माणसं येणारच नाहीत. रमजानमध्ये उपाशीपोटी दुपारी चारची वेळ देऊ नका.

पायरी १०: सुपरव्हिजन आणि रजिस्टर

प्रशिक्षणानंतरची लेखी परीक्षा फारसं काही सांगत नाही. सगळे 'आदर' आणि 'समानुभूती' लिहितात. गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून केलेल्या कामाची पद्धत उचलण्यासारखी आहे. तिथे मानसशास्त्राचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना तयार केलं. नैराश्यासाठीच्या सहा ते आठ सेशनच्या त्यांच्या उपचारांचा फायदा होतो, हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७मध्ये आलेल्या चाचणीत दिसलं. या समुपदेशकांनी एकमेकांच्या सेशनच्या ध्वनिफिती ऐकून, ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण दिले. वरून कोणी तज्ज्ञ येऊन तपासण्यापेक्षा हे जास्त टिकतं, आणि तालुक्याच्या ठिकाणीही जमतं.

तुमच्या टीमने क्लायंटच्या लेखी संमतीने महिन्याला एकेक सेशन रेकॉर्ड करावं आणि तिघा-चौघांनी मिळून ऐकावं. निकष चार पुरेत: क्लायंटने वापरलेला शब्द समुपदेशकाने उचलला का, न कळलेलं विचारलं का, क्लायंटच्या परिस्थितीतला खरा अन्याय ओळखला का, आणि सल्ला तिला परवडणारा होता का. 'रोज सकाळी अर्धा तास फिरायला जा' हा सल्ला दोन हंडे पाणी भरून कामाला जाणाऱ्या बाईला दिला असेल तर चौथ्या निकषावर शून्य.

दुसरं काम रजिस्टरचं. पहिल्या सेशननंतर दुसऱ्याला कोण आलं नाही, याची दर तीन महिन्यांनी यादी काढा आणि ती वस्ती, भाषा, समुपदेशक यांच्यानुसार लावून बघा. एकाच वस्तीची माणसं गळत असतील, किंवा एकाच समुपदेशकाकडे ठरावीक समाजाचे लोक परत येत नसतील, तर पुढच्या सुपरव्हिजनचा विषय तोच. न आलेल्यांपैकी काहींना फोन करून विचारा, पण फोन त्या समुपदेशकाने न करता दुसऱ्या कोणी करावा. पहिल्या वाक्यात केंद्राचं नाव घेऊ नये, कारण घरात फोन कोण उचलेल याचा नेम नसतो. आणि प्रश्न 'का आला नाहीत?' असा नसावा. 'मागच्या वेळी आमच्याकडून काही राहिलं का?' असा विचारावा.